केकवरची मागच्या वर्षीची लिव

पर्निलेचा फोन आला तेव्हा आयनार बटाटे सोलत होता.

"रविवारी दोन वाजता या," सून म्हणाली. "लिवला नऊ पूर्ण होतायत. केकचं काही बघू नका, दुकानात सांगणार आहे मी."

"केक मी आणतो," आयनार बोलून गेला. बोलल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं.

मग ती म्हणाली, "बरं. आणा."

पोराच्या वाढदिवसाला माणसाच्या आकृतीचा केक डेन्मार्कच्या या एर्यो बेटावर घरोघरी होतो. आयनारच्या घरात मात्र तो बापाने करायचा, आणि गेल्या वर्षभरात पोराचं जे काही बदललं असेल ते केकवर दिसलं पाहिजे, अशी रीत होती. त्याचा मुलगा आस्गर सहा वर्षांचा झाला तेव्हा केकच्या तोंडात पुढचे दोन दात नव्हते. नवव्या वर्षी केकच्या हातालाही आयसिंगचं प्लॅस्टर होतं. पुढे आस्गर बाप झाला, पाण्यापलीकडे स्वेनबोर्ग शहरात राहू लागला आणि लिवसाठी केक करू लागला. दोन वर्षांपूर्वी तो आजारी पडला आणि चार महिन्यांत गेला. चाळीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यानंतरच्या वाढदिवसाला केक दुकानातून आला. त्यावर नुसता आठाचा आकडा होता.

शनिवारी जेवण उरकून आयनारने मैदा मळायला घेतला. लोणी, यीस्ट, कुटलेली वेलची. हातांना विसर पडला नव्हता, पण बोटं लवकर दुखू लागली. कणीक फुगेपर्यंत तो खिडकीशी बसून राहिला. बायको, कारेन, असती तर तिने दहा वेळा फडकं उचलून पाहिलं असतं, पण ती जाऊनही आता सहा वर्षं झाली होती.

केक भाजून झाला, पांढरं आयसिंग लागलं. आता चेहरा. आयनार रंगीत गोड गोळ्यांची पुडी हातात घेऊन उभाच राहिला. लिवचं या वर्षात काय बदललं, त्याला ठाऊक नव्हतं. नाताळात ती जेमतेम दोन तास भेटली होती. त्याने फोन उचलला, अर्धा नंबर फिरवला आणि खाली ठेवला. आपल्याच नातीचं आपल्याला माहीत नाही, हे सुनेला कोणत्या तोंडाने सांगायचं? शेवटी त्याने नाताळातला फोटो काढला आणि ज्येष्ठमधाच्या गोड काळ्या दोऱ्या विणून केकला दोन लांब वेण्या घातल्या.

रविवारी बोटीत समोर बसलेल्या बाईने विचारलं, "वाढदिवस वाटतं कुणाचा?"

"नातीचा."

"मजा आहे तिची," बाई म्हणाली आणि विणकामाला लागली. आणखी काही विचारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

दार रूनेने उघडलं. उन्हाळ्यापासून तो पर्निलेबरोबर राहत होता. शाळामास्तर, उंच, सारखा मान वाकवून बोलणारा. त्याने केकच्या फळीचं एक टोक धरलं. दोघांनी मिळून ती टेबलावर ठेवली. भोवती लिवच्या सहा मैत्रिणी गोळा झाल्या.

मग लिव आली. केस कानापर्यंत कापलेले, डोळ्यांवर गोल चष्मा.

"ही कोण?" एका मुलीने केककडे बोट दाखवलं.

"मीच," लिव म्हणाली. "मागच्या वर्षीची."

आयनारचे कान तापले. "चष्मा कधी लागला?"

"ऑगस्टमध्ये. फळ्यावरचं दिसत नव्हतं."

"आणि केस?"

"माझे मीच कापले. आई रडली होती."

"मला कुणी सांगितलं नाही गं."

"तुम्ही विचारलंच नाही, आजोबा." तिच्या बोलण्यात राग नव्हता. किती वाजले ते सांगावं, तसं तिने सांगितलं.

"लिव," पर्निले दटावून म्हणाली.

"असू दे. खरं तेच बोलतेय ती."

लिवने एक वेणी उपटली, अर्धी खाल्ली आणि उरलेल्या दोरीचे दोन गोल करून केकच्या डोळ्यांवर बसवले. दुसरी वेणी मैत्रिणींनी वाटून घेतली. चष्मा जरा तिरका बसला. गाणं झालं. लिवने सुरी घेतली. वाढदिवसाच्या मुलाने केकचा गळा कापायचा आणि बाकीच्यांनी जिवाच्या आकांताने किंचाळायचं, हा खेळ सगळ्या पोरांना पाठ. सुरी टेकली आणि मुली किंचाळल्या. आयनारही ओरडला.

मुली थांबल्या. तो थांबला नाही. आस्गर गेला तेव्हा इस्पितळात त्याने आवाज काढला नव्हता, चर्चमध्येही नाही. आता मात्र तो टेबलाची कड धरून ओरडत राहिला. एक मुलगी हसली आणि गप्प झाली. पर्निले वळून स्वयंपाकघरात गेली. तिथला नळ बराच वेळ वाहत होता.

"आजोबा," लिव हळूच म्हणाली, "कापून झाला."

"हो," तो म्हणाला. "झाला."

तिने त्याला खांद्याचा तुकडा वाढला. त्याने तो सगळा खाल्ला.

परतताना रूनेने त्याला गाडीने धक्क्यावर सोडलं. वाटेत तो म्हणाला, "हा केक मला शिकवाल?"

बाप करतो तो केक, आयनारच्या ओठांवर आलं होतं. "लिहिलेलं नाहीये कुठे," तो म्हणाला.

"मग बघायला येतो."

आयनार बाहेर बघत राहिला. धक्का दिसू लागला तेव्हा म्हणाला, "कणीक दोनदा फुगावी लागते. अख्खा दिवस जातो."

"जाऊ दे की."

आयनार ये म्हणाला नाही, नको येऊस असंही म्हणाला नाही.

बोट सुटल्यावर त्याने फोन लावला. लिवनेच उचलला.

"काय आजोबा, काही राहिलं का इथे?"

"नाही. वर्गात तुझ्या शेजारी कोण बसतं?"

"आल्मा," ती म्हणाली. "पण सोमवारपासून ना..."

भर पाण्यात आवाज तुटला. आयनार फोन कानाला लावून बसून राहिला, बेटाचा किनारा दिसेपर्यंत.