नाव न घ्यायचं औषध

“आजी, घरगुती काही घेता का? काढा, चूर्ण, पाला, कसलंही?” डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

कडूबाईनं मान हलवली. नाही म्हणजे नाही.

डॉक्टर तिच्या सुनेकडे, रुपालीकडे वळले. “यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. रक्त गोठू नये म्हणून गोळी चालू होती, ती आम्ही परवाच थांबवली. उतारा दिला. तरी हिरड्यांतून रक्त येतंय, शौचातून येतंय. काहीतरी पोटात जातंय, ते कळलं पाहिजे.”

खाटेच्या पायथ्याशी रंगनाथ उभा होता. काय जातंय ते त्याला ठाऊक होतं. त्यानंच दिलं होतं.

रंगनाथ कडूबाईचा धाकटा भाऊ. राजूरजवळच्या वाडीवर त्यानं जन्मभर ग्रामपंचायतीचं पाणी सोडलं, आणि उशिरा सोडलं म्हणून जन्मभर बायांच्या शिव्या खाल्ल्या. रविवारी मात्र त्याच बाया त्याच्या ओट्यावर गुमान बसायच्या. बापाकडून आलेलं गुडघेदुखीचं औषध तो फुकट द्यायचा. घेणाऱ्यानं खाडा केला किंवा देणाऱ्यानं औषधाचं नाव घेतलं, तर देणाऱ्याच्या हाताचा गुण जातो, असं बापानं मरताना बजावलेलं. गडी साधा, पण तो डबा घेऊन बसला की त्याची मान ताठ व्हायची. बहिणीचे गुडघे धरले तेव्हा तिला औषध देताना त्याला केवढा आनंद झाला होता. तिच्या झडपेचं त्याला माहीत होतं. पण झडप छातीत, दुखणं गुडघ्यात, झाडपाल्यानं काय व्हायचंय, असा त्याचा सरळ हिशोब.

डॉक्टर गेले. रुपाली पाणी आणायला उठली, तसा तो बहिणीच्या कानाशी वाकला.

“अक्का, तू अजून घेतीस?”

तिनं कमरेची चंची चाचपली. “पहाटं. रुपाली झोपलेली असती तवा.”

“बंद कर. आजपासनं.”

“खाडा हुईल.”

“हुंदे. माझी शपथ हाय तुला.”

तिनं मान डोलावली आणि रंगनाथला हायसं वाटलं. बहीण वाचणार आणि नावही घ्यायला नको. इतकं सोयीचं सुटत असेल तर माणूस जास्त खोलात जात नाही. चंची काढून घेणं त्याला सुचलं नाही. भाबडेपणा होता की भित्रेपणा, देव जाणे. संध्याकाळच्या एसटीनं तो घरी गेला.

सकाळी आला तर कडूबाईचा डावा हात निपचित पडला होता. एक डोळा लालभडक. “मेंदूत रक्त आलंय म्हनत्यात,” रुपाली रडत म्हणाली. चंची उशीखाली होती, रिकामी.

“अक्का, शपथ घातली हुती गं.”

“तुझ्या हाताचा गुन,” तिची जीभ जड झाली होती, “माझ्यापायी जायाला नको.”

रंगनाथ तिथूनच डॉक्टरांकडे वळला. ते वॉर्डाच्या मध्यावर होते, पण जवळ जाईपर्यंतही त्याला दम निघाला नाही; तो लांबूनच ओरडला.

“सालईचा डिंक हाय, सायेब. सालईचा डिंक आन् सुंठ. मी देतो. दोन म्हयनं झालं तिला देतोय.”

सगळ्या वॉर्डानं ऐकलं. डॉक्टर त्याच्याकडे पाहतच राहिले.

“काल मी इतकं विचारत होतो. काल का नाही बोललात?”

नर्स रक्ताच्या पिशव्यांसाठी धावली.

कडूबाईनंही ऐकलं होतं. “घालवलंस, रंगा,” ती म्हणाली. “बाबांचं हुतं.” आणि तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

तो दिवसभर स्टुलावर बसून होता. अक्का, अक्का म्हणत तिच्या पाठीवरनं हात फिरवत होता. ती वळली नाही. पुढे पुढे तिला ऐकूही येत नसावं. संध्याकाळी नर्सनं तिला सरळ निजवून डोळे मिटवले, तेव्हा त्याला तिचं तोंड दिसलं.