आकाशाकडे धरलेली विजेरी

मित्रांनो, मी एक जुनी विजेरी. दुकानात मला टॉर्च म्हणत, घरात बॅटरी म्हणतात, आणि अलीकडे बाबा मला 'अवकाश संपर्क केंद्र' म्हणू लागले आहेत. ते हसत म्हणतात. माझी मात्र पाचावर धारण बसते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा गोल वळवून, एका टोकाला काच आणि दुसऱ्या टोकाला स्प्रिंग बसवून मला पुठ्ठ्याच्या खोक्यात झोपवलं. खोक्यावर 'दूरवर प्रकाश' असं छापलं होतं. किती दूरवर, ते लिहिलं नव्हतं. सगळा घोळ तिथेच झाला.

या घरात मी आले तेव्हा मला फार मान होता. वीज गेली की सगळे आधी मला शोधत, मग एकमेकांना. घरातल्या मुलीला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे. संध्याकाळी ती समोरच्या मैदानात हुंदडायची. हाका मारून आईचा घसा बसला, तेव्हा तिने गच्चीतून मला तीनदा चमकवायची युक्ती काढली. तीनदा म्हणजे 'घरी ये'. एकदोनदा चमकले तर भिंगरी ढिम्म हलत नसे. तिसऱ्यांदा मात्र धूम पळत येई.

पुढे वीज जायचीच बंद झाली आणि मी ड्रॉवरमध्ये गेले. पोटातले सेल काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते तिथेच फुगले, पाझरले, माझी स्प्रिंग खात बसले.

ड्रॉवरमध्ये बातम्या उशिरा पोहोचतात. भिंगरी नोकरीसाठी 'वर' गेली आहे एवढंच ऐकलं, तेव्हा मला वाटलं, वरच्या मजल्यावर गेली असेल. ती पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अवकाश स्थानकात गेली होती. थोड्या दिवसांसाठी. मग तिला परत आणणाऱ्या यानात बिघाड निघाला, आणि ते थोडे दिवस संपेचनात.

तेव्हा आईने मला बाहेर काढलं.

"अगं, ती चारशे किलोमीटर वर आहे," बाबा म्हणाले.

"मग नवे सेल घाला."

नवे सेल आले. कुरतडलेली स्प्रिंग तीच राहिली.

सूर्य मावळला की खाली अंधार पडतो, पण उंचावरच्या यानांवर अजून ऊन असतं, म्हणून ती ताऱ्यासारखी सरकताना दिसतात. हे बाबांनी आईला नीट समजावलं. आईने मान डोलावली आणि मला एका विमानावर रोखलं.

"लुकलुकतेय बघा! उत्तर देतेय पोर!"

दुसऱ्या संध्याकाळी तिने भलत्याच ठिपक्याला बराच वेळ खुणा केल्या. "थांबलीय हो आपल्यासाठी."

"तो शुक्र आहे."

"असू दे. निरोप तर देईल."

आज संध्याकाळी बाबा मोबाइल बघत गच्चीत आले ते चेहरा पाडूनच. दुसरं यान मिळत नव्हतं. बिघडलेल्या यानातूनच भिंगरीला उद्या उतरवायचं ठरलं होतं. "त्याआधी आपल्या डोक्यावरून ही शेवटची फेरी," ते म्हणाले. आईने माझी काच बाहीने पुसली.

पश्चिमेकडून एक ठिपका वर आला. न लुकलुकता, सरळ, घाईघाईने.

"हीच," बाबा म्हणाले. "चाल बघ ना तिची."

मी पेटले. विझले. पुन्हा पेटले, पिवळट, आजारी. विझले. आईने तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि माझ्या स्प्रिंगने मान टाकली. आईने मला तळहातावर आपटलं, मांडीवर आपटलं, कठड्यावर आपटलं. मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला, पण विजेरीला जीव तोडायलाही करंट लागतो.

"दोनदाच झालं, अहो! दोनदाला ती येत नाही!"

तेवढ्यात डोक्यावर आलेला ठिपका मंद झाला आणि भर आकाशात नाहीसा झाला.

"गेली?" आई किंचाळली.

"नाही, नाही. पृथ्वीच्या सावलीत शिरली. तिच्यावरचं ऊन गेलं, म्हणून आपल्याला दिसत नाही. आहे वरच." बाबा बोलता बोलता थांबले. "आणि तिला खालचे दिवे दिसत असतील."

मग चारशे किलोमीटरचा हिशेब सांगणारे तेच बाबा अनवाणी जिना उतरत सुटले. तळमजल्यावर इमारतीचा मेन स्विच आहे. अख्खी इमारत काळोखात गेली, उजळली, गेली, उजळली, आणि पुन्हा एकदा.

"कोण आहे रे तो शहाणा?" अडकलेल्या लिफ्टमधून वकीलकाका ओरडले.

"अहो, माझे कपडे मशीनमध्ये आहेत!" कुणाची तरी काकू.

खालून बाबांचा फाटलेला आवाज आला. "पोरीला घरी बोलावतोय!"

मग वकीलकाका लिफ्टमधूनच म्हणाले, "अजून एकदा करा. मी आहे इथेच."

तिने पाहिलं का, ठाऊक नाही. उद्या ती उतरेल. आई अजून गच्चीत उभी आहे आणि मला आकाशाकडे धरून आहे. मी विझलेली आहे, हे तिला कळतंय. तरी तिचा हात खाली येत नाही.

मित्रांनो, हात जोडून सांगितलं असतं, पण मला हात नाहीत. काम झालं की आमच्या पोटातले सेल काढून ठेवत जा. कुणाला कधी घरी बोलवायची वेळ येईल, सांगता येत नाही.