दोराची साक्ष

“बाई, पण दोराला कुठे तोंड असतं?” वैष्णवीने विचारलं.

“म्हणूनच त्याला चेतनगुणोक्ती म्हणायचं. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते. सांगा बरं, आपल्या झेंड्याचा दोर बोलायला लागला, तर काय म्हणेल?”

सहावीचा वर्ग गप्प झाला. मी घाई केली नाही. मुलांना उत्तर सापडेपर्यंत थांबायची मला सवय आहे. आणि या उत्तरासाठी तर मी पाच महिने थांबले होते.

मागच्या पंधरा ऑगस्टला संस्थेच्या अध्यक्षांनी झेंडा वर पोचायच्या आधीच गाठ सोडणारं टोक ओढलं. झेंडा अर्ध्यावर उलगडला आणि अडकला. पाकळ्या त्यांच्या टोपीवर पडल्या. मुलं हसली. अध्यक्षांनी शिपाई मल्हारीला पुढे बोलावलं आणि अख्ख्या शाळेसमोर कान धरायला लावले. अठ्ठावीस वर्षं झेंडा बांधणाऱ्या त्या माणसाने मुकाट कान धरले. मी निवृत्त बाई, पाहुणी म्हणून पहिल्या रांगेत होते.

आता सव्वीस जानेवारीला ‘कष्टकऱ्यांचा गौरव आणि देशाभिमान’ यावर मुलांनी स्वतः रचलेली कविता म्हणावी, असं अध्यक्षांनीच फर्मान काढलं होतं. शिकवायला मला बोलावलं. मी लगेच हो म्हटलं.

“दोर म्हणेल, मी मल्हारीकाकांचे हात ओळखतो,” वैष्णवी म्हणाली.

“छान. अजून?”

“म्हणेल, मला ओढलं एकाने आणि कान धरले दुसऱ्याने.” स्नेहाने बोलून जीभ चावली.

“जीभ कशाला चावतेस? लिही.”

सव्वीस जानेवारीला गाठ एका झटक्यात सुटली. मल्हारीने ती तशीच बांधली होती. अध्यक्ष खुशीत खुर्चीवर बसले. कवितेत कामगार देशाचा कणा झाला, शेतकरी सूर्य झाला. प्रत्येक रूपकाला त्यांनी टाळी वाजवली. मग दोर बोलला:

‘मला ओढलं घाईच्या हातानं,
कान धरले मल्हारीकाकानं.
झेंडा म्हणाला, मान वर करा,
माझा मानकरी हाच आहे खरा.’

अध्यक्षांचे हात टाळीसाठी उघडले ते तसेच राहिले. पालकांत खसखस पिकली. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची नजर खाली जाईपर्यंत मी त्यांच्याकडे पाहत राहिले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

मग सगळ्या माना खांबापाशी उभ्या असलेल्या मल्हारीकडे वळल्या. एका बापाने स्वतःच्या कानाला हात लावून बायकोला काहीतरी समजावलं.

संध्याकाळी मी मुद्दाम शाळेत गेले. मल्हारी झेंडा उतरवत होता.

“मल्हारीभाऊ, ऐकलीत ना कविता?”

“ऐकली. पोरांनी लय भारी जुळवली.” दोर त्याच्या हातांतून सावकाश सरकत होता. “माझी नात आली व्हती बघायला. तिला त्या कानाचं ठाऊक नव्हतं.”

“पण अध्यक्षांना असं सोडून कसं द्यायचं?”

“तुम्ही त्यांना नाय सोडलं, बरोबर हाय. मला इचारायचं तरी.” त्याने दोर आणखी थोडा सोडला. “आन् बोलायचंच व्हतं, तर त्या दिशी बोलायचं, बाई. तुम्ही फुडंच बसला व्हता.”

झेंडा खाली आला. दुसरं टोक धरायला मी हात पुढे केला.

“ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. त्याने झेंडा दोन्ही हातांवर गोळा केला, छातीशी धरला आणि जमिनीला लागू न देता एकट्यानेच घडी घालू लागला. वेळ लागत होता. मी थांबले.