कनवटीची चावी

पहिली चपराक बसली तेव्हा बंकटच्या तोंडात पोह्यांचा घास होता. तो घास हॉटेलच्या फरशीवर पडला. त्याच्यावर पाय देऊन पंडित म्हणाला, "चावी काढ बे."

"माझ्याकडं न्हाई."

"डायवर तू, अन् चावी काय तुझ्या बापाकडं हाय?"

चावी माझ्याकडे होती. माझ्या कनवटीला खोचलेली, पोटाला टोचत होती.

मी वत्सलाबाई, कॉलेजातली शिपाई. पोरं मावशी म्हणतात. एमबीएची चव्वेचाळीस पोरंपोरी घेऊन आमची बस पहाटे पाचला निघाली होती आणि लिंबागणेशच्या अलीकडे नाष्ट्याला थांबली होती. दुपारी दीडला पुण्यात एका मोठ्या कॉम्प्युटर कंपनीत पोचायचं होतं. तिथले अधिकारी पोरांना काम दाखवणार, नोकऱ्या कशा लागतात ते सांगणार, चार ओळखी होणार. तांदळे सरांनी दोन वर्षं फोन करकरून ही एक तारीख मिळवली होती. उशीर झाला तर गेटवरूनच परत, असं कंपनीनं बजावलं होतं. पोरांनी केजच्या प्रेसमधून स्वतःच्या नावाची कार्डं छापून आणली होती. कुणाचा बाप शाळेत नव्हता गेला, आणि पोराच्या खिशात इंग्रजी कार्ड! मला तर हसूही येत होतं आणि भरूनही येत होतं.

नऊ मुली होत्या, म्हणून सोबत मी. नांदूरघाटच्या सत्यभामाचे आईबाप त्या वेळी कोल्हापूरकडे ऊस तोडत होते. तिची आई फोनवर मला म्हणाली होती, "मावशी, माझ्या लेकीच्या हातात कोयता येऊ दिऊ नका. काय बी करा, पर तिला तिथं पोचवा." मी छातीठोकपणे हो म्हणाले होते.

आता पंडितचं ऐका, तो साहेबांचा माणूस. कॉलेज संस्थेचं, संस्था साहेबांची, सहकारी कारखानाही साहेबांचाच. त्या साली ऊस उभ्या उभ्या वाळला, कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. जनावरं मरायला लागली तेव्हा साहेबांनी चारा छावणी काढली, आणि नेमकं त्याच दिवशी नऊ वाजता तिचं उद्घाटन होतं. टाळ्या वाजवायला माणसं हवीत, माणसं आणायला बस हवी. साहेबांच्या पुतण्याच्या वरातीला आमची बस, सभेला आमची बस. पोरांच्या परीक्षेच्या दिवशीसुद्धा ओढून नेली होती मेल्यांनी. म्हणून रस्त्यावर पंडितची जीप दिसल्याबरोबर बंकटनं ताटावरून हात काढला आणि टेबलाखालून चावी माझ्या हातात कोंबली.

"मावशे, कनवटीला लाव. काय बी झालं तरी काढू नको. आज पोरं पुण्याला गेलीच पायजेत."

मला वाटलं, शिवीगाळ होईल, दोन धपाटे बसतील, जातील. कुठलं काय!

पंडितसोबत तिघं होते. त्यांनी बंकटला ओढत बाहेर नेलं. खिसे फाडून पाहिले, बसच्या सीटखाली पाहिलं, मग खाली पाडून लाथा घालायला लागले. बरगड्यांवर, पाठीत, पोटात. बंकट गुडघे छातीशी घेऊन पडला होता. ओरडत नव्हता, नुसता कण्हत होता.

"साहेबाच्या बसवर पोट भरतो अन् साहेबालाच न्हाई म्हणतो?"

राधाकिशन नावाचा पोरगा मध्ये पडला. "कावून मारता हो मामाला?" असं म्हणेपर्यंत त्याच्या पोटात गुडघा बसला. तो कळवळून खाली बसला. खिशातली कार्डं धुळीत पांगली. बाकीची पोरं पुढे सरकली, तर तांदळे सरांनी हात आडवे केले. "थांबा रे, कॉलेज त्यांचंच आहे. उद्या परीक्षेला बसायचंय ना तुम्हाला?" सरांचा आवाज रडका झाला होता.

सत्यभामानं मला चावी खोचताना पाहिलं होतं. तिनं माझा दंड धरला. तिची नखं रुतली.

"मावशी, द्या ना ती! मारून टाकतील त्याला! मला न्हाई जायचं पुण्याला."

मी तिच्या तोंडावर हात दाबला.

तेवढ्यात एकानं जीपमधून टॉमी काढली, चाक खोलायची लोखंडी टॉमी. बंकटनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग टॉमी त्याच्या डाव्या कानावर बसली. त्या घावाचा आवाज अजून माझ्या डोक्यात आहे. कानातून रक्त आलं, गळ्यापर्यंत ओघळलं.

आणि पंडितचा फोन वाजला.

"मिळाल्या? दोन मिळाल्या? मग आधी सांगायचं की!" फोन खिशात घालत त्यानं हात बंकटच्याच शर्टाला पुसला. "चला रे. दुसऱ्या गाड्या मिळाल्या." चौघं जीपमध्ये बसले आणि गेले. एवढंच. त्यासाठी माणूस अर्धा मारला.

बंकटला आम्ही उठवलं. मी पदराची पट्टी फाडून त्याच्या कानाला बांधली. तांदळे सर म्हणाले, परत फिरू, दवाखाना गाठू. बंकटनं रक्त थुंकलं आणि माझ्यापुढे हात पसरला.

"चावी दे मावशे. टाइम होतोय."

नगरपर्यंत त्यानंच बस हाकली. तिथं एका दवाखान्यात त्यानं दहा मिनिटांत टाके घालून घेतले आणि पुन्हा स्टेअरिंगवर बसला. दीडला पाच मिनिटं कमी असताना आम्ही गेटवर होतो. पोरं गळ्यात पाहुण्यांचे पास घालून आत गेली. राधाकिशन पोट धरून चालत होता, सत्यभामा सगळ्यांच्या पुढे. बंकट बसमध्येच थांबला. शर्टावरचं रक्त पाहून वॉचमननं त्याला उतरूच दिलं नाही.

सत्यभामाला त्याच कंपनीत नोकरी लागली. तिची आई पेढे घेऊन आली, माझ्या पाया पडली. "तुमी लेकीसाठी लई केलं," म्हणाली. मी काय करणार, पेढा खाल्ला.

गावातही सगळे तसंच म्हणतात, वत्सलाबाईनं पोरांसाठी काळीज घट्ट केलं. खोटं आहे ते. पहिल्या लाथेला मी पोरांसाठी गप्प होते, हे खरं. पण टॉमी निघाली तेव्हा मला पोरं आठवली नाहीत. तेव्हा चावी काढली असती तर इतका वेळ ती माझ्याकडे होती हे त्यांना कळलं असतं, आणि ती टॉमी माझ्या डोक्यात बसली असती. मी भ्याले. बास.

डावा कान गेला तो गेलाच. कॉलेजनं बंकटला बसवरून काढलं आणि उपकार केल्यासारखं गेटवर बसवलं. ज्यानं आयुष्यभर गाडी हाकली, तो आता स्टुलावर बसून दुसऱ्यांच्या गाड्यांना फाटक उघडतो. दुपारी मी त्याच्याजवळ भाकरी खायला बसते. उजव्या बाजूला बसले की आमच्या गप्पा होतात, पोरांच्या, पावसाच्या, त्याच्या नातवाच्या.

माफीसुद्धा मागितली आहे मी त्याची. एकदा नाही, पाच-सहा वेळा, अगदी सगळं खरं खरं सांगून. त्या त्या दिवशी मी त्याच्या डाव्या बाजूला बसले होते.