चार बोकडांचे चार टायर

मीटर : १,३८,१९७

बिभीषणच्या पिकअपचे चारही टायर झिजून गोटा झाले होते. त्यात तोंड बघून भांग पाडता येईल, असं त्याची बायको मोनिका म्हणायची. सपाट डांबरी रस्त्यावर आणखी चार महिने निघालेही असते. पण सोमवारी गाडी माळावर चढवायची होती.

जळकोटच्या वरच्या अंगाला माळ आहे, माळावर अकरा पवनचक्क्या आहेत, आणि त्यांची देखभाल करणाऱ्या कंपनीला माणसं, अवजारं, तेलाचे डबे वर न्यायला वर्षभरासाठी एक पिकअप पाहिजे होती. सोमवारी चाचणी. वीस पोती वाळू लादायची आणि बाराच्या आत अकराही पवनचक्क्या गाठायच्या. जमलं तर वर्षाचं काम. नाही तर आहेच, कुणाचा मंडप, कुणाचा कांदा, कुणाची म्हैस. तेही फोन आला तर.

बिभीषणला हे काम हवं होतं. सकाळी उठल्यावर आज कुठं जायचं ते ज्याला ठाऊक असतं, अशा माणसांचा त्याला फार हेवा वाटायचा.

टायरांसाठी त्याची आई हरणाबाई हिनं चार बोकड विकले. त्यामुळं शुक्रवारी सकाळी त्यानं गाडी सुरू केली तेव्हा ती शेजारी येऊन बसली.

"तू कशाला, आई?"

"बोकड माझं गेलेत चार. तवा चार पाय म्या बगून घेणार."

मीटर : १,३८,२०४

महांतप्पाचं टायरचं दुकान, जळकोट, हायवेच्या कडेला.

"आप्पा, ते काढा," बिभीषणनं आत शिरता शिरता बोट वर केलं.

सगळ्यात वरच्या खुंटीवर ऑल टेरेन टांगला होता. मोठाले ठोकळे, खोल खाचा, बाजूला ठळक पांढऱ्या अक्षरांत नाव. मोबाईलवर त्यानं या टायरचे सगळे व्हिडिओ बघून टाकले होते. त्यात गाडी नदीतून जायची, वाळूवर उडायची, आणि चालवणारा गॉगल लावून हसायचा. नुकताच बिभीषणनं गॉगलही घेतला होता.

महांतप्पानं टायर खाली काढला, उभा केला, वर थाप मारली. "हा कुठंबी जातो. चिखल, दगड, डांबर, सगळं चालतं ह्याला."

हरणाबाईनं टायरभोवती एक चक्कर मारली.

"ह्येची आई दाखव."

महांतप्पानं चष्मा कपाळावर सरकवला. "काय दाखवू, हरणाक्का?"

"आई. बोकड घ्यायचा तर म्या बोकड बगत न्हाय, त्येची आई बगते. करडं दोन देती का तीन, खूर कसलं हायती, दगडात लंगडती का. त्यावरनं पोर कसं निघंल ते कळतं. नवं तर समदंच चांगलं दिसतंय. ह्याच जातीचा, आपल्या रानात पळून म्हातारा झालेला कुठं हाय, त्यो दाखव."

"आई, टायरला आई नसती," बिभीषण दबक्या आवाजात म्हणाला.

"तुला हाय न्हवं? मग गप उभा ऱ्हा."

तीस वर्षांच्या धंद्यात महांतप्पाला गिऱ्हाइकांनी किलोमीटर विचारले होते, वॉरंटी विचारली होती, एकानं तर टायर हुंगून बघितला होता. आई कुणी विचारली नव्हती. पण माणूस चोख. त्यानं थोडा विचार केला.

"खडीकेंद्रावर सिदूची पिकअप हाय. दोन वर्षं झाली. त्याच्या पुढच्या चाकांना हाच घातलाय. मागं आमचा साधा घातलाय, तोबी ऑल टेरेनच, पण माल वाहायच्या गाडीचा. जास्त प्लायचा, म्हंजे आत थर जास्त. जाऊन बघा. दुकान कुठं पळत न्हाय."

मीटर : १,३८,२१५

खडीकेंद्रावर सिदू गाडीच्या सावलीत भाकरी खात बसला होता. हरणाबाई त्याच्या गाडीखाली डोकं घालायला लागली तसा तो भाकरीसकट उठला.

"मावशी काय हुडकतीया?"

"टायरची आई," बिभीषण म्हणाला.

"कुणाची?"

"खा तू."

हरणाबाई धुरळ्यातच बसली. पुढच्या चाकावर तिनं तळहात फिरवला. तळ चांगला होता, खाचा शिल्लक होत्या. बिभीषणनं मनातल्या मनात गॉगल लावला. मग तिचा हात बाजूवर गेला. तिथं चिरा होत्या, आणि एका जागी गळवासारखा फुगवटा. पांढऱ्या अक्षरांतलं एक अक्षर त्या फुगवट्यावर चढून बसलं होतं.

ती उठून मागं गेली. मागचा टायर तळाला पुढच्याइतकाच झिजलेला. बाजूवर ओरखडेच ओरखडे, पण चीर एक नाही, फुगवटा तर नाहीच.

"मागंबी आधी पांढऱ्या अक्षराचाच हुता," सिदू म्हणाला. "चार महिन्यांत दोन्ही बाजूनं फाटले. हे दोन फुडं तगल्यात, वजन कमी पडतंय म्हणून. दिसायला बरं वाटतंय तेवढंच."

हरणाबाईनं लुगडं झटकलं. "त्या माळावर शेळीचं खूर तळातनं झिजत न्हाय, बिभीषणा. कपारीत पाय जातुया आन् खूर कडंनं फाटतंय. चाळीस वरसं बगते म्या. तुज्या टायराचा तळ कसला हाय ते इचारू नगं. कड कसली हाय ते इचार."

मीटर : १,३८,२२६

पुन्हा दुकान. दोन टायर शेजारी उभे.

हरणाबाईनं पांढऱ्या अक्षरांच्या टायरवर गुडघा रेटला. तो दबला. साध्यावर रेटला. तोच गुडघा चोळत ती मागं सरकली.

"ह्यो."

"आई, कंपनीच्या मॅडम गाडी बघणार हायती. दिसायलाबी पाहिजे की."

"मॅडम गाडी बगणार का गाडीत बसणार?"

महांतप्पा हसला नाही, पण जॅक आणायला वळला तेव्हा त्याचे खांदे हलत होते. चार साधे टायर निघाले. काळे, जाड बाजूचे, अक्षरंही काळीच, जवळ जाऊन वाचावी लागणारी. ते चढेपर्यंत बिभीषण खुंटीकडंच बघत होता.

मीटर : १,३८,२३३

शनिवार. गाडी वस्तीवर उभी. बिभीषण विम्याच्या कागदांसाठी एसटीनं लोहाऱ्याला गेलेला.

मोनिका : आत्यांनी टायरला तेल लावायला घेतलंय

बिभीषण : कसलं तेल

मोनिका : करडईचं. बोकडाला बाजारात न्यायच्या आधी खुरांना लावतात तसं

मोनिका : (फोटो)

बिभीषण : आयला. काय चमकतायत

मोनिका : खाचांत पण बोट घालून घालून लावतायत

बिभीषण : लावू दे. त्या पांढऱ्या अक्षरापेक्षा भारी दिसतंय

मोनिका : अर्धी किटली संपली

मोनिका : भाजी कशात करू

बिभीषण : (अंगठा)

मीटर : १,३८,२३३

रविवार. तेलाचा दुसरा हात.

मीटर : १,३८,२३९

सोमवारी नऊ वाजता माळाच्या पायथ्याला इंजिनिअर शिवांजली मॅडम फॉर्म घेऊन उभ्या होत्या. वय तिशीच्या आत, पायात मळके बूट, बोलणं मोजकं. वस्तीपासून इथपर्यंत सहा किलोमीटर गाडीवाट, घोट्याएवढा फुफाटा. बिभीषण पोचला तेव्हा गाडी, वाळूची पोती, भुवया, सगळं एका रंगाचं झालं होतं.

"शनिवारी दोन गाड्या वर नेल्या," मॅडम बसता बसता म्हणाल्या. "दोन्ही सातव्या पवनचक्कीपाशी बसल्या. टायर फाटून. तुमचे कोणते?"

"साधेच हायत, मॅडम."

"बघू."

पहिली पवनचक्की, मुरूम, गाडी मजेत. दुसरी, तशीच. तिसरीकडं जाताना वळणावर उघडा खडक लागतो, घरावरच्या पत्र्यासारखा उतरता. बिभीषणनं पहिला गिअर टाकला. गाडी हातभर चढली, थांबली, आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. गाडी एक वीत मागं आली. मग आणखी एक वीत.

रबर जळल्याचा वास आला. त्यात दुसराही एक वास होता.

"कुठं भजी तळतायत का?" मॅडमनी विचारलं.

बिभीषणनं गाडी मागं घेऊन सपाटीला लावली, उतरला, आणि टायरापाशी उकिडवा बसला. खाचा गायब होत्या. दोन हात तेल आणि सहा किलोमीटर फुफाटा यांचा लगदा खाचांत गच्च बसून गुळगुळीत झाला होता. तीन दिवसांचे नवे टायर. पुन्हा गोटा.

"काय झालं?"

रस्त्याला नाव ठेवता आलं असतं. खडकाला, पोत्यांच्या वजनाला, महांतप्पालासुद्धा. ही सगळी नावं त्याच्या जिभेवर येऊन गेली. पण मॅडम वाकून बोटानं लगदा चाचपत होत्या, आणि बोट हुंगत होत्या.

"तेल हाय, मॅडम. आईनं लावलं. आमच्यात बोकडाच्या खुरांना लावत्यात."

मॅडमनी घड्याळ बघितलं. "साडेनऊ झालेत. बारापर्यंत वेळ आहे. तुमचं तुम्ही बघा."

वरून खडे घरंगळले. पाठोपाठ दोन शेळ्या, आणि त्यांच्यामागं हरणाबाई. तिची शेरडं रोज याच माळावर असायची. आज जरा जास्तच या बाजूला होती.

ती टायरापाशी आली, बघितलं आणि कपाळाला हात लावला नाही, काही नाही. कमरेचा विळा काढला.

"बाई, चूक माजी हाय," ती मॅडमना म्हणाली. "बोकड बाजारात नेऊन इकायचा असतुया, चालवायचा नसतुया. ध्यानातच आलं न्हाय." मग मुलाकडं वळून, "बगतुयास काय? खूर साफ करायचं हाय. काडी घे कायतरी."

विळ्याचं टोक एका खाचेत घालून तिनं लगदा उचकटला. करडाच्या खुरातला चिखल काढावा तसा अलगद, पण पटापट. बिभीषणनं स्क्रूड्रायव्हर आणला. वरची बाजू झाली की हरणाबाई म्हणायची, "अर्धा फेर." तो धावत जाऊन गाडी तेवढीच पुढं घ्यायचा, हँडब्रेक ओढायचा, परत येऊन बसायचा. मग साफ खाचांवर सुकी माती चोळायची, तेल शोषायला.

दोन चाकं झाली तेव्हा सव्वादहा.

"दुसरा स्क्रूड्रायव्हर आहे का?" मॅडमनी विचारलं.

"तुमी नगा, मॅडम."

"मी आत बसून काय करू? पंखा आहे का तुमच्या गाडीत?"

"न्हाय."

"मग द्या."

एक शेळी पोत्यांवर चढून वाळू हुंगत होती. तिला उतरवायला कुणाला फुरसत नव्हती.

मीटर : १,३८,२४०

दहा पन्नास. हरणाबाईनं शेळी उतरवून घेतली. खडक. पहिला गिअर. बिभीषणनं श्वास धरला, आणि गाडीनं खडक.

मीटर : १,३८,२४७

सातव्या पवनचक्कीच्या अलीकडं दगड उभेच पेरल्यासारखे आहेत, विळ्याच्या पात्यासारखे. शनिवारच्या गाड्यांच्या टायरांचे तुकडे अजून तिथंच पडले होते. बिभीषण सावकाश शिरला. डाव्या मागच्या चाकाशी कर्रर्र आवाज झाला, लांबलचक, दातांत शिरणारा. त्यानं गाडी थांबवली. दोघं उतरले.

बाजूवर पांढुरका ओरखडा. वीतभर. मॅडमनी त्यात नख घातलं. नख आत गेलं नाही.

"किती प्लायचे आहेत हे?" त्यांनी विचारलं.

त्यानं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

"कुणी सुचवले?"

"सिदूच्या गाडीला बघितले, मॅडम. म्हणजे आईनं बघितले. मला दुसरेच पाहिजे हुते."

आठ, नऊ, दहा. दहाव्या पवनचक्कीवरून खाली हायवेचे ट्रक मुंग्यांसारखे दिसत होते. बिभीषणनं तिकडं बघितलं नाही. तो डॅशबोर्डवरच्या घड्याळाकडं बघत होता. पाच मिनिटं पुढं असेल, असं त्यानं ठरवून टाकलं.

मीटर : १,३८,२५४

अकरावी पवनचक्की. मॅडमच्या घड्याळात बारा वाजून सात मिनिटं. डॅशबोर्डवरच्याही.

बिभीषणनं इंजिन बंद केलं. वर पाती फिरत होती, सूं, सूं, सूं. मॅडमनी मांडीवर फॉर्म घेतला. त्याला तो उलटा वाचावा लागत होता. शाळेत एवढा जीव लावून त्यानं सुलटंही काही वाचलं नव्हतं.

बाराच्या आत पूर्ण : नाही.

वाहन अडकले का : हो. तिसऱ्या पवनचक्कीच्या वळणावर.

कारण : करडईचे तेल.

ट्रॅक्टर किंवा क्रेन लागली का : नाही.

टायर फाटला का : नाही.

मग एक मोठी रिकामी जागा होती, शेरा लिहायची. मॅडमनी पेन दाताला लावलं. खाली उतरल्या, गाडीभोवती फिरल्या, चारही टायरांच्या बाजूंवर हात फिरवला. परत येऊन बसल्या आणि एका दमात लिहिलं.

तीन गाड्या पाहिल्या. दोन सातव्या पवनचक्कीच्या पुढे आल्या नाहीत. ही अकराव्या पवनचक्कीपाशी उभी आहे. घ्यावी.

'घ्यावी' हा शब्द बिभीषणनं दोनदा वाचला.

"उद्या सात वाजता," मॅडम म्हणाल्या. "तीन माणसं आणि दोन डबे. सातला म्हणजे सातला."

"व्हय, मॅडम." तो खाली उतरला, मागचं फाळकं सोडलं, पुन्हा लावलं, पुन्हा सोडलं. हातांना काहीतरी काम पाहिजे होतं. "ही वाळू परत खाली न्यायची का?"

"कशाला? इथल्या चौथऱ्याचं काम निघालंय. इथंच उतरवा."

वीस पोती. त्यानं पहिलं पोतं पाठीवर घेतलं, चार पावलं गेला, आणि पोत्यासकट मागं वळला.

"मॅडम, मग ही आजची खेप हिशोबात धरायची का?"

शिवांजली मॅडमनी फॉर्मची घडी केली. दिवसभरात पहिल्यांदाच हसल्या.

"धरा."