शमशेर मैदानात उतरला नाही

आकाराम जाधवला एका जागी बसवत नसे. सांगलीत विश्रामबागच्या कॉलेजात सकाळी हिशेबशास्त्राचा तास चालू असला की बाकाखाली त्याचे पाय हलत राहायचे, आणि दुपारी मैदानावर उतरला की सकाळी अर्धवट ऐकलेलं जाहिरातीचं, बाजारपेठेचं डोक्यात फिरायला लागायचं. कॉलेजनं वाणिज्य आणि क्रीडाशास्त्र असा जोड अभ्यासक्रम नुकताच काढला होता. विद्यापीठानं प्रयोग म्हणून परवानगी दिलेली, मुलंही मोजकीच. उंब्रजला घरी गेलं की पारावरची माणसं विचारायची, "आकाराम, ह्ये शिकून तू हुणार काय रं? पैलवानांचा वाणी?"

त्याचे वडील भाऊसो फौजेतून हवालदार होऊन परतलेले. ते म्हणायचे, "एक कायतरी धर. दोन डगरींवर हात ठिवू नगंस."

एक धरणं हेच त्याला जमत नव्हतं. शाळेत असताना तो इस्लामपूरला मामाकडे राहून तालमीत जायचा. आपलं अंग मोठ्या कुस्तीचं नाही, हे त्याला तिथंच कळलं. कुस्ती सुटली, पण वेड सुटलं नाही. या अभ्यासक्रमाचं नाव ऐकलं तेव्हा त्याला वाटलं होतं की हे आपल्यासाठीच निघालंय. आता दुसऱ्या वर्षाला आल्यावर तसंही वाटेना.

दुसऱ्या वर्षाला दोन्ही बाजूंचं एकेक प्रात्यक्षिक होतं. वाणिज्यासाठी एखादा धंदा किंवा कार्यक्रम स्वतः हाताळून दाखवायचा, आणि क्रीडाशास्त्रासाठी खेळाडूंची नाडी आणि श्वास व्यायामाआधी व नंतर तपासायचा. आकारामनं दोन्ही गोष्टी एकाच दावणीला बांधल्या. गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरवणारे आप्पासो पेठेतले भुसार व्यापारी होते. गेली दोन वर्षं या ना त्या कारणानं मैदान भरलं नव्हतं. आणीबाणी उठल्यानंतरचा तो पहिलाच हिवाळा, आणि आप्पासोंना मैदान जोरात करायचं होतं. आकाराम त्यांच्याकडे गेला, भोवती कनात लावू, बसायला फळ्या मांडू, पोस्टरं कऱ्हाडपासून इस्लामपुरापर्यंत लावू म्हणाला.

"आन् वर नाव कुनाचं?" आप्पासोंनी विचारलं.

"शमशेरचं."

आप्पासो हसले. "मग भरलं म्हन मैदान."

शमशेर इस्लामपूरचा. बाप भांड्यांना कल्हई करायचा, तो वारल्यावर आई अख्तरबी शिवणकाम करून घर चालवायची. लहानपणी आकाराम आणि तो तालमीतल्या मातीच्या एकाच हौदात लोळले होते. आता शमशेरचं नाव दोन जिल्ह्यांत झालं होतं. त्यानं लगेच होकार दिला, बेळगावकडचा एक मल्ल त्याच्याशी लढायला तयार झाला आणि आकारामनं पोस्टर छापून घेतलं. शमशेरचं नाव सगळ्यात वर, तांबड्या अक्षरांत. भोंगा लावलेली जीप गावोगाव फिरू लागली.

मग तो दुसऱ्या प्रात्यक्षिकासाठी इस्लामपूरच्या तालमीत गेला. पोरांनी जोर मारले, सपाट्या मारल्या, आणि तो एकेकाचं मनगट धरत गेला. कॉलेजात शिकलेलं सगळं बरोबर येत होतं. व्यायामानंतर नाडी वाढायची, थोड्या वेळानं खाली यायची. शमशेरची नाडी मात्र त्याच्या बोटांखाली पळायला लागली, मधेच एक ठोका गळाला, मग दोनतीन एकदम आले, पुन्हा एक गळाला.

आकारामला वाटलं, आपलं बोट सरकलं. त्यानं दुसरं मनगट धरलं. तिथंही तेच.

"काय रं, हात मागतोस का माजा?" शमशेर हसत म्हणाला. पोरंही हसली.

"गड्या, तुला कवा चक्कर येती का?"

"सपाट्या मारल्यावर कुनाला येत न्हाई?" शमशेरनं हात सोडवून घेतला आणि पाठीवर माती टाकली.

दुसऱ्या दिवशी आकारामनं पुन्हा पाहिलं. नाडी तशीच. तो एस.टी.नं सांगलीला गेला आणि शरीरशास्त्र शिकवणाऱ्या आगाशेबाईंना गाठलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. धाप लागते का, कधी पडला होता का, असं विचारलं. आकारामला सांगता आलं नाही.

"जाधव, मी डॉक्टर नाही," बाई म्हणाल्या. "पण त्याला मातीत उतरू देण्याआधी मिरजेला दाखवा. हे लांबणीवर टाकण्यासारखं नाही."

परतीच्या वाटेवर प्रत्येक फाट्यावर त्याला त्यानंच लावलेली पोस्टरं दिसत होती. उंब्रजला उतरून तो तडक आप्पासोंच्या दुकानात गेला.

"नाडी?" आप्पासोंनी चष्म्यावरून बघितलं. "आरं, कुस्ती काय नाडीनं हुती व्हय? डाक्टर म्हनला का लढू नगं?"

"अजून दाखवलं न्हाई."

"मग दाखीव. डाक्टर न्हाई म्हनला तर न्हाई. पर तुज्या बोटावर मी मैदान मोडायचो न्हाई."

बोलणं रास्त होतं. आकाराम बाहेर आला, पण इस्लामपूरला गेला नाही. उद्या जाऊ म्हणाला आणि कनातीच्या बांबूंची व्यवस्था बघत बसला. दुसऱ्या दिवशी तालमीपर्यंत जाऊन दारातूनच माघारी फिरला. शमशेर आत लंगोट कसत होता, दंडांना तेल लावत होता, आणि त्याच्याकडे बघून कुणालाही वाटलं असतं की या माणसाला काय धाड भरलीय. आकारामला वाटायचं, आपण दीड वर्षं पुस्तकं वाचली, तेवढ्यावर एखाद्याची जिंदगानी उलटी करायची? लगेच वाटायचं, आणि हौदात पडला तर? तांबड्या अक्षरांतलं नाव तर आपणच छापलंय. जेवण गोड लागेना. आईनं विचारलं तर तिच्यावरच खेकसला. गावात थांबवेना म्हणून सांगलीला गेला, तिथं वर्गात बसवेना म्हणून पुन्हा गावची गाडी धरली.

शेवटी जत्रा तोंडावर आल्यावर तो तालमीत न जाता शमशेरच्या घरी गेला. अख्तरबी मशीनवर बसल्या होत्या. शमशेर भिंतीला टेकून दूध पीत होता. एकट्या शमशेरला सांगितलं तर तो हसण्यावारी नेईल, हे आकारामला माहीत होतं. त्यानं आईसमोरच सांगून टाकलं.

शमशेरनं पेला खाली आपटला. "आईम्होरं? ह्ये सांगायला तुला माजी आईच घावली?"

मशीन थांबलं होतं. अख्तरबी मुलाकडे बघत म्हणाल्या, "परवा मोरीत पडलास तवा पाय घसरला म्हनलास. घसरला व्हता का?"

शमशेर सांडलेलं दूध हातानं पुसायला लागला.

"कवा न्यायचं मिरजेला?" अख्तरबींनी आकारामला विचारलं.

"उद्याच, चाची."

मिरजेच्या डॉक्टरांनी शमशेरच्या छातीला तारा लावून कागदावर रेघा काढल्या, बराच वेळ नळी लावून ऐकलं. मग लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, असं अख्तरबींना विचारलं. आला होता. कितीतरी दिवस हा अंथरुणातून उठला नव्हता, त्या म्हणाल्या. त्या तापानं काळजाची एक झडप खराब झाली होती. औषध घेऊन कामधंदा करता येईल, डॉक्टर म्हणाले, कुस्ती मात्र करायची नाही. शमशेरनं एकदाच विचारलं, "ही एक लढत झाल्यावर सोडली तर?"

"ही एकच तुझी शेवटची ठरेल," डॉक्टर म्हणाले.

मिरजेच्या स्टँडवर अख्तरबी बाकावर बसल्या आणि तोंडाला पदर लावला. शमशेरनं आकारामला बाजूला नेलं.

"आजारी हाय म्हनून कुनाला सांगायचं न्हाई. काळीज नासलेला मानूस म्हनून उद्या मला कोन कामाला ठिवंल, कोन पोरगी दील?"

"आप्पांना सांगावं लागंल."

"त्यांना सांग. पर लोकास्नी न्हाई. शपत घे."

आकारामनं शपथ घेतली.

आप्पासोंनी ऐकून कपाळाला हात लावला. पण रागावले नाहीत. "पोरगं वाचलं म्हनायचं," एवढंच म्हणाले आणि मग विचारलं, "आता लोकास्नी काय सांगायचं?"

त्याचं उत्तर सापडायच्या आत जत्रेचा दिवस उजाडला. बेळगावच्या मल्लाला दुसरा जोड मिळाला. पण सगळी गर्दी शमशेरसाठी आली होती. कऱ्हाडकडून ट्रक भरून माणसं आली, इस्लामपूरची पोरं हलगी वाजवत आली. लहान कुस्त्या झाल्या, दुपार कलली आणि लोक ओरडायला लागले, "शमशेरला काढा! शमशेर कुठं हाय?" कुणीतरी मागून म्हणालं, "पळाला! बेळगाववाल्याला भ्यालं बेणं!" हशा पिकला. इस्लामपूरची पोरं उठून उभी राहिली. मारामारी व्हायची वेळ आली.

आकारामनं माईक घेतला. काय बोलायचं ते त्याचं ठरलं नव्हतं.

"मंडळी, ऐका! शमशेर भ्याला न्हाई. त्यानं या लढतीला होकारच दिला नव्हता. त्याला न विचारता नाव मी छापलं. चूक माझी हाय."

एक ढेकूळ येऊन त्याच्या खांद्यावर फुटलं. मागोमाग चपला आल्या. "फसवलं! कालेजात ह्येच शिकवत्यात व्हय?" आप्पासोंनी त्याला ओढून खाली घेतलं. हलगी पुन्हा वाजवायला लावली आणि बेळगावच्या मल्लाची कुस्ती लावली. ती कशी झाली हे आकारामनं बघितलंच नाही. कनातीपाशी भाऊसो उभे होते. त्यांनी मुलाकडे एकदा बघितलं आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले.

घरी त्यांनी विचारलं, "खोटं छापलंस?"

"व्हय, आबा," आकाराम म्हणाला. भाऊसो कितीतरी दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

तो सांगलीला परतला. दोन्ही प्रात्यक्षिकं वाया गेल्यासारखीच होती. हे सोडून सरळ बी.कॉम. करावं असं त्यानं आगाशेबाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "सोडा, पण परीक्षा झाल्यावर. आत्ता तुमचं डोकं ठिकाणावर नाही." परीक्षा झाली, तो पास झाला, आणि तिसऱ्या वर्षाचा अर्ज त्यानं भरलाच.

पावसाळाभर शमशेर भेटला नाही. दिवाळीच्या सुटीत आकाराम हिय्या करून इस्लामपूरच्या तालमीत गेला. शमशेर हौदाच्या कडेला उभा होता, अंगात सदरा. आत दोन पोरं झुंजत होती आणि तो वरून ओरडत होता, "मान दाब! खाली बघ!" आकाराम दिसल्यावर तो पोरांना सपाट्या मारायला लावून बाहेर आला.

दोघं समोरच्या हॉटेलात बसले. चहा आला.

"तुज्यावर माजा राग हाय," शमशेर म्हणाला. "तू वाचवलंस ह्ये कळतंय. तरी बी हाय."

"असू दे."

"आजबी पहाटं अंग जागं हुतंय. मग घरात येरझारा घालतो. आई म्हनती, बस रं. बसवत न्हाई गड्या."

आकारामला म्हणावंसं वाटलं, मलाही बसवत नाही. पण त्याचं आणि आपलं एक नव्हतं.

शमशेरनं बशीतला चहा संपवला. "उद्या शिराळ्याला फड हाय. माज्या दोन पोरांच्या कुस्त्या लावल्यात. वस्ताद म्हनत्यात, तूच घिऊन जा." तो थोडा थांबला. "मी कडंला उभा राह्यलो की लोक इचारत्यात, तू का उतरत न्हाईस. एकट्याला त्ये झेपत न्हाई. येतोस का संगं?"

आकारामला संध्याकाळच्या गाडीनं उंब्रजला जायचं होतं. भाऊसो आता कुठं बोलायला लागले होते आणि त्याची वाट बघत होते.

"येतो," तो म्हणाला. "घरी निरोप धाडायला लागंल."

"पोस्टापाशी उंब्रजचा ट्रकवाला थांबतो. चल, तो जायच्या आत गाठू," असं म्हणून शमशेर उठला, आणि दोघं पेठेतून भराभरा चालायला लागले.