तांडेलाचं गाऱ्हाणं

मुलांनो, जरा माझ्याबरोबर मनात आणा. एक भलंमोठं तारू आहे, पण ते पाण्यातून नाही, ताऱ्यांमधून चाललंय. खाली समुद्र नाही, वर आभाळ नाही, चहूकडे काळोख. तारवावर म्हातारीकोतारी आहेत, तान्ही पोरं आहेत, कोंबड्यासुद्धा आहेत. सुकाणूपाशी एक म्हातारा तांडेल, म्हणजे तारवाचा प्रमुख, उभा आहे. तो बोट ओलं करून वर धरतो आणि वाऱ्याचा अंदाज घेतो. तिथं वारा कुठला, असं तुम्ही म्हणाल. तारवावरची पोरंही तेच म्हणतात. तांडेल म्हणतो, "वारा नसला तरी सवय असू दे."

दिसला? आता असं समजा, की तो तुमचा आजोबा आहे.

नेत्राला हे समजावं लागत नव्हतं. 'शून्याचा दर्या' या सिनेमातला तांडेल खरोखरच तिच्या आजोबांवरून घेतला होता. सिनेमा लिहिणारा सलिल रत्नागिरीजवळच्या भाट्याकडल्या आमच्याच वाडीचा, वरच्या आंबेवाल्यांच्या घरातला. लहानपणी तो दत्तारामआजोबांच्या होडीवरून खाली उतरायचा नाही. मोठा झाल्यावर मुंबईला जाऊन सिनेमे लिहू लागला आणि टीव्हीवर त्यानंच सांगितलं, "माझा तांडेल म्हणजे आमचे दत्तारामकाका."

तीन भाग आले. नेत्राला तिन्ही पाठ होते. गाढ झोपेतून उठवलं तरी ती तांडेलाचं वाक्य म्हणून दाखवायची, "तारू सोडताना तांडेल शेवटचा."

यंदा चौथा भाग आला. सगळी वाडी रत्नागिरीला जाऊन तो एकत्र बघून आली. आजोबा मधल्या खुर्चीवर, धुतलेला सदरा घालून. मध्यंतरानंतर तारवाला धूमकेतूचा तडाखा बसतो. आणि तांडेल काय करतो? एकुलती एक छोटी होडी सोडतो, तिच्यात एकटाच बसतो आणि पळून जातो. पोरं हाका मारतात. तो वळूनही बघत नाही.

नेत्राला आधी वाटलं, हे स्वप्न असेल, पुढं तांडेल जागा होईल. सिनेमा संपला, दिवे लागले, तरी तो जागा झाला नाही.

माणूस बदलतो, मुलांनो. शूर माणूसही कधी भितो. पण गोष्टीत तो बदलताना दिसायला हवा. भीती कुठून आली, कशी वाढली, हे दाखवायला हवं. इथं तसं काहीच नव्हतं. कुणीतरी तांडेलाचा सदरा दुसऱ्याच माणसाला चढवला होता.

दुसऱ्या दिवशी आजोबा जाळं विणायला बंदरावर गेले, तर तिथं मासळीवाल्या धोंडूबाईनं टोपलीआडून विचारलं, "काय तांडेल, आज कुठं पळायचा बेत?"

आजोबा हसले. मग शेजारच्या होडीवरच्या केरूनं विचारलं. मग त्याच्या पोरानं. चार दिवस आजोबा हसत राहिले. पाचव्या दिवशी त्यांनी जाळं उचललं आणि घराच्या पाठीमागं, कोणी बघणार नाही अशा जागी नेऊन विणायला बसले. त्यानंतर ते बंदरावर गेलेच नाहीत.

शिमग्याला सलिल घरी आला. शिमग्याला देवीची पालखी घरोघर येते, तेव्हा मुंबईचाच काय, सातासमुद्रापार गेलेला माणूसही येतो. नेत्रानं त्याला विहिरीपाशी गाठलं.

"दादा, तांडेल का पळाला?"

"आवडला नाय तुला? अगो, तीन भाग झाले तोच शूरपणा! लोकांना धक्का द्यायला लागतो."

"आजोबा बंदरावर जात नाय आता."

"गोष्ट आहे गो ती! मोठी झालीस की कळेल." त्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली आणि फोन कानाला लावला.

ती टपली नेत्राला फार झोंबली. घरी जाताना तिनं ठरवलं, याच्या गाडीच्या सीटखाली सुके बोंबील ठेवायचे, मुंबईपर्यंत घमघमाट! पण वास धुतला की जातो. आजोबांना चिकटलेलं नाव जात नव्हतं. तिला सलिलदादाला नुसतं रडवायचं नव्हतं. त्याच्याच तोंडून, सगळ्या वाडीसमोर, खरं काढायचं होतं.

आमच्याकडे पालखी अंगणात बसली की परशुराम गुरव गाऱ्हाणं घालतात. ज्याला देवीला काही सांगायचं असेल, त्यानं ते परशुरामकाकांच्या कानात सांगायचं. काका ते मोठ्यानं मांडतात आणि जमलेली माणसं ओरडतात, "व्हय महाराजा!" सांगणारा लहान असो की मोठा, कुणाचं गाऱ्हाणं गिळायचं नाही, असा रिवाज आहे.

भर दुपारी सलिलच्या अंगणात पालखी आली. अनवाणी सलिलनं आधी खांदा दिला, ढोलावर मनसोक्त पालखी नाचवली. पालखी बसली. घामाघूम सलिल पुढंच हात जोडून उभा राहिला. तेवढ्यात नेत्रा गर्दीतून वाकून पुढं शिरली आणि परशुरामकाकांच्या कानाला लागली. काकांनी तिच्याकडे एकदा बघितलं, एकदा सलिलकडे बघितलं आणि घसा खाकरला.

"आई, लेकरानं ओटी भरलीय, ती गोड मानून घे!"

"व्हय महाराजा!"

"कलमांना कैरी धरलीय, ती वाऱ्यानं गळू देऊ नको!"

"व्हय महाराजा!"

"आणि ज्यानं दत्ताराम तांडेलाला खोटाच पळपुटा केला, त्यानं ह्याच अंगणात, तुझ्यापुढं, खरं काय ते बोलावं!"

"व्हय महाराजा!"

सवयीनं सगळे ओरडले. सगळ्यात मोठा आवाज सलिलचा होता.

मग एकेकाच्या ध्यानात आलं. ढोल थांबला. मागं कोणीतरी फिसकन हसलं. सलिलचे कान लाल झाले.

"काका, ही काय मस्करी?"

"घरधनी स्वतः व्हय म्हणाला," परशुरामकाका शांतपणे म्हणाले. "आता बोलल्याबिगर आई उठायची नाय."

"अहो, तो सिनेमा आहे!"

"आईला सांग तसं."

सलिलनं गर्दीकडे बघितलं. कोणी सुटका करणार नव्हतं. सगळ्यांत पुढं नेत्रा उभी होती, कमरेवर हात ठेवून. ती डोळ्याची पापणीही लववत नव्हती.

"मी नववीत होतो," सलिल शेवटी म्हणाला. "खाडीच्या तोंडाशी होडी वाळूच्या दांड्यावर आपटून फुटली. दुसरी होडी आली. काकांनी एकेकाला तिच्यात चढवलं. मला कॉलर धरून फेकलं. पाणी छातीला लागलं, तरी सुकाणू सोडलं नाय. शेवटी आले ते. पळाले नाय. पळालेला तांडेल मी लिहिला, टाळ्या मिळाव्यात म्हणून."

धोंडूबाईनं पदर तोंडाला लावला. केरू खाली बघू लागला.

"झालं ना आता?" सलिलनं नेत्रापुढं गूळखोबऱ्याची वाटी धरली. "मिटलं?"

नेत्रानं वाटीला हात लावला नाही. तिनं त्याचं मनगट धरलं.

"चल."

"कुठं?"

"आजोबांनी कुठं ऐकलंय अजून?"

"येतो गो, चपला तर घालू दे!"

सलिलच्या अंगणातून नेत्राच्या घरी जायला दोन वाटा आहेत. एक कलमांच्या सावलीतून उतरते. दुसरी उघड्या कातळावरून जाते, आणि दुपारी तो कातळ तव्यासारखा तापतो. नेत्रानं अंगणाच्या कडेला काढलेल्या चपला पायात सरकवल्या. तिनं मनगट आणखी घट्ट धरलं आणि सलिलदादाला ओढत कातळाच्या वाटेला लागली.